असंच, सहज म्हणून

आमच्या सोसायटीची वार्षिक सभा पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून होते. मी माझी खुर्ची घरून घेऊन येते, तेवढंच भाडं वाचतं. यंदाच्या विषयपत्रिकेत शेवटून दुसरा विषय होता प्रवेशद्वाराचा रॅम्प पाडून नव्यानं बांधण्याचा. आहे तो रॅम्प बिल्डरनं कागदोपत्री दाखवण्यापुरता उरकलेला. तीन पायऱ्यांची उंची साधारण ४५ सेंटिमीटर. एकास बारा हा मान्य उतार धरला तर तिला ५.४ मीटर, म्हणजे जवळजवळ १८ फूट लांबी लागते. आमचा रॅम्प ६ फुटांत संपतो. त्यावरून उतरणं म्हणजे घसरगुंडी, आणि चढायचं तर मागून दोन माणसं हवीत. एवढा साधा हिशेब, पण सभा तिकडे वळलीच नाही. पहिल्या मजल्यावरचे काका कौतुकानं म्हणाले, "पोरगी बघा किती हसतमुख आहे. तिचं काही अडलंय का? शेवटी मनाची उभारी महत्त्वाची." त्यावर कायद्याचं शिकणारा एक मुलगा तावातावानं उठला. "काका, ती हसते तेवढंच तुम्हाला दिसतं. तिच्यावर रोज अन्याय होतोय. या शहरात ती जगतेय कुठे? नुसते दिवस काढतेय." टाळ्या दोघांनाही पडल्या. चहा आला. रॅम्पचा विषय पुढच्या सभेवर गेला.

मी २६ वर्षांची आहे. दहावीच्या सुट्टीत मणक्याला मार बसला, तेव्हापासून व्हीलचेअर वापरते. त्या संध्याकाळी दोघंही माझ्याच बाजूनं बोलत होते आणि मला दोघांचाही राग आला. काकांचं भाषण दर ३ डिसेंबरला, जागतिक अपंग दिनी, पुरवण्यांमधून 'अपंगत्वावर मात' अशा मथळ्याखाली येतं. त्या मुलाचं भाषण परिसंवादांत ऐकू येतं. एक पक्ष म्हणतो, मन खंबीर असेल तर खुर्चीचं काही वाटत नाही. दुसरा म्हणतो, व्यवस्था बदलेपर्यंत आनंदाच्या गप्पा मारणं म्हणजे अन्यायावर पांघरूण घालणं. दोघांनाही माझं आयुष्य पुराव्यादाखल हवं असतं. एकाला माझं हसू लागतं, दुसऱ्याला माझं रडू.

माझ्या मते भरभरून जगण्याचा सगळा प्रश्न 'सहज' या एका शब्दात आहे. संध्याकाळी तुम्ही पायांत चपला सरकवता आणि "जरा जाऊन येतो" म्हणून निघता. कुठे, कशाला, परत कधी, यातलं काही ठरलेलं नसतं. तरुणपण निम्मं या जाऊन येण्यातच घडतं. मैत्र्या तिथे होतात, प्रेमं तिथे जमतात, नोकरीची खबर टपरीवर कळते, कोणाशी पटत नाही हेही तिथेच कळतं. मला आनंदात राहता येतं, वैतागून राहता येतं, सहज राहता येत नाही. माझ्या बाहेर पडण्याची आधी मोहीम आखावी लागते. आणि ज्याच्या प्रत्येक बाहेर पडण्याची मोहीम होते, त्याला लोक एक तर वीर म्हणतात किंवा बिचारा म्हणतात. मोहिमेवर निघालेल्याला तिसरं काही म्हणायची पद्धत नाही.

(शब्दांवरून भांडणारा तिसराही एक पक्ष आहे. २०१५च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द सुचवला, मग पाट्या बदलल्या, लोकलच्या डब्यावरची अक्षरं बदलली. डबा आणि फलाट यांतली फट काही त्या अक्षरांनी भरली नाही. मला अपंग म्हणा नाहीतर दिव्यांग म्हणा, उत्तरादाखल मी मान वर करेन.)

आता काकांचं म्हणणं आधी घेते, कारण ते खोटं नाही. मणक्याच्या वॉर्डात मी तीन महिने होते. पलंगावरून खुर्चीत सरकणं, दर अर्ध्या तासानं दोन्ही हातांवर अंग उचलून धरणं म्हणजे बसून बसून जखम होत नाही, लघवीची नळी स्वतःची स्वतः घालणं, हे सगळं शिकताना माणूस मनातून खचलेला असेल तर कोणताही फिजिओथेरपिस्ट त्याला हलवू शकत नाही. माझ्या शेजारच्या पलंगावर माझ्याच वयाची एक मुलगी होती, दुखापतही जवळपास तीच. ती भिंतीकडे तोंड करून पडायची. मी आरडाओरडा करायचे, चमचे फेकायचे, पण शिकले. डॉक्टर राउंडला आले की माझं उदाहरण द्यायचे: "बघ, हिची विल पॉवर बघ." मला ते तेव्हा गोड लागलं. पुष्कळ दिवसांनी कळलं की तिचं घर बिनलिफ्टच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर होतं, संडास मजल्याच्या टोकाला, सामाईक. आमची इमारत तेव्हा पुनर्विकासाला गेलेली होती आणि आम्ही भाड्याच्या जागेत राहत होतो, तिथे योगायोगानं लिफ्ट होती. मी खुर्चीत बसायला शिकले की बाहेर जाणार होते. ती शिकून काय करणार होती? तिचं मन तिला खरं तेच सांगत होतं. माझ्या इच्छाशक्तीत त्या लिफ्टचा किती वाटा होता, हे त्या डॉक्टरांनी मोजलं नाही, मीही नाही.

माणूस सावरतो, हे खरंच आहे. १९७८ साली अमेरिकेत फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी लॉटरी लागलेली २२ माणसं आणि अपघातात हातापायांची हालचाल गमावलेली २९ माणसं यांना तुम्ही किती सुखी आहात असं विचारलं होतं. अपघातग्रस्तांनी स्वतःला इतरांपेक्षा कमी सुखी ठरवलं, पण मोजपट्टीच्या मध्याच्या वरच ठेवलं. लोकांना वाटतं तेवढी ती माणसं दुःखी नव्हती. हा अभ्यास काकांच्या पक्षात फार आवडीनं सांगितला जातो. पण त्यावरून निघतं काय? माणूस कशालाही सरावतो, हे. तुरुंगालाही सरावतो. सरावलेल्याला दार उघडून द्यायची गरज नाही, असं त्या अभ्यासात कुठेही म्हटलेलं नाही.

आणि सकारात्मकतेनं जिने उतरत नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात व्हीलचेअर वापरणाऱ्या एका वधूला दुसऱ्या मजल्यापर्यंत उचलून न्यावं लागलं. लिफ्ट नव्हती आणि अधिकारी सही घ्यायला खाली यायला तयार नव्हते. बातम्या झाल्या, तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी दिलगिरी व्यक्त केली. लग्नाच्या दिवशी तिच्याइतकं आनंदात कोण असेल? त्या आनंदानं त्या इमारतीतली एक पायरी तरी कमी झाली का? उचलून नेण्यात लोकांना माणुसकी दिसते. चार परके पुरुष तुम्हाला काखेतून, मांड्यांखालून धरतात, साडीचा पदर कुठे, हात कुठे, आणि तुम्ही त्यांना "थँक यू दादा" म्हणायचं, हे ज्या बाईनं अनुभवलंय तिला विचारा. दादा चांगलेच असतात बहुतेक वेळा. पण 'बहुतेक' या शब्दावर किती वेळा अंग टाकायचं?

थोर उदाहरणांचंही तेच. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. जिद्द म्हणतात ती हीच, यात वाद नाही. पण पद्मश्री त्यांना कधी मिळाली? २०१८ साली. ४६ वर्षं आपण त्या जिद्दीला ओळखतही नव्हतो, आणि आता भाषणांत तीच जिद्द इतरांच्या तोंडावर फेकतो. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांच्याबद्दलही लोक असंच बोलतात. सोळाव्या वर्षी कमरेखालचं शरीर लुळं पडलं, तरी त्या 'खचल्या नाहीत'. पण न खचता त्यांनी केलं काय, ते या वाक्यात गाळलं जातं. १९८४ साली त्यांनी हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. खुर्चीवरच्या पोरांना राहता येईल, शिकता येईल, काम करता येईल अशा जागा बांधल्या. म्हणजे ज्या बाईला आपण मनाच्या उभारीचं उदाहरण म्हणून मिरवतो, तिनं स्वतः मात्र मनावर भागवलं नाही, विटा-सिमेंटच आणलं.

काकांच्या पक्षाचा दुसरा मुद्दा खर्चाचा आणि जागेचा, आणि तो मुंबईत हसण्यावारी नेता येत नाही. इथे धडधाकट माणसाला चालायला फुटपाथ नाही, लोकलच्या दारात पाय ठेवायला जागा नाही, शंभर-शंभर वर्षांची स्टेशनं आहेत. तिथे एका माणसासाठी सगळं कसं बदलायचं? आमच्या सभेतही कोणीतरी हळूच म्हणालं, "एकीसाठी दीड लाख?" म्हणून मी एक रविवार खिडकीत बसून आमच्या सहाफुटी घसरगुंडीचा वापर कोण करतं ते पाहिलं. वीस लिटरचे पाण्याचे जार ढकलणारा पोऱ्या, गॅस सिलिंडरवाला, चाकांची बॅग ओढत गावाहून आलेले पाहुणे, बाबागाडी, गुडघे दुखतात म्हणून पायऱ्या टाळणाऱ्या दोन आज्या, आणि गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून काका स्वतः. माझ्यापेक्षा जास्त वेळा तेच दिसले. खिडकीत बसल्याचा कंटाळा आला नसता तर अजून मोजले असते.

'दिसत नाहीत, म्हणजे गरज नाही' हा तर्क याच शहरानं बायकांच्या बाबतीत करून पाहिलेला आहे. रस्त्यावर, बाजारात, कामाच्या जागी बायकांसाठी मुताऱ्या नव्हत्या, कारण म्हणे तेवढ्या बायका बाहेर असतात कुठे. बायका पाणी न पिता घराबाहेर पडत होत्या, म्हणून तो प्रश्न कोणाला दिसत नव्हता. २०११च्या सुमारास मुंबईत 'राइट टू पी'ची चळवळ उभी राहिली तेव्हा कुठे हे बोलण्याचा विषय झालं. मी आजही बाहेर जायच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाही, कारण खुर्ची आत जाईल असा दरवाजा कुठे मिळेल याची खात्री नसते. मग मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, ताप येतो, चार दिवस रजा. ऑफिसात म्हणतात, "बिचारी, या लोकांची तब्येत नाजूकच." तब्येत माझी दणकट आहे. दरवाजा अरुंद आहे.

२०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले, महाराष्ट्रात जवळजवळ ३० लाख. रस्त्यावर किती दिसतात? फुटपाथ आहेत तिथे वाटच बुजवलेली असते. मुंबईच्या फुटपाथांवर दुचाक्या चढू नयेत म्हणून महापालिकेनं तोंडाशी स्टीलचे खांब रोवले, दोन खांबांतून व्हीलचेअर जात नव्हती. २०२३ साली व्हीलचेअर वापरणाऱ्या एका तरुणानं मुंबई उच्च न्यायालयाला ईमेल पाठवला आणि न्यायालयानं त्याची स्वतःहून जनहित याचिका करून घेतली. ते खांब रोवायला पैसे होते, जागा होती, कंत्राटदार होता. म्हणजे 'एका माणसासाठी खर्च' करायला शहराला जड जातं असं नाही. खर्च करताना मी डोळ्यांसमोर नसते, एवढंच.

याचा लख्ख पुरावा २००१च्या जानेवारीत मिळाला. स्टीफन हॉकिंग मुंबईला परिषदेसाठी आले, मग दिल्लीला गेले. त्यांना कुतुबमिनार वगैरे वास्तू पाहायच्या होत्या. तोवर वारसा वास्तूंना हात लावता येत नाही, असं खुर्चीवरच्या भारतीय माणसांना ऐकवलं जाई. स्वतः व्हीलचेअर वापरणारे कार्यकर्ते जावेद अबिदी यांनी रेटा लावला आणि पुरातत्त्व खात्यानं लाकडी रॅम्प बसवले. वास्तूला धक्का लागला नाही, तिजोरी रिकामी झाली नाही. अडचण फक्त एवढी होती की आधी पाहुणा जगप्रसिद्ध असावा लागला.

इतकं बोलल्यावर त्या कायद्याच्या विद्यार्थ्याला वाटेल की मी त्याच्याच पक्षाची. पुष्कळशी आहेच. २०१६चा अपंगांच्या हक्कांचा कायदा मला पाठ आहे. सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. नियम जून २०१७मध्ये आले, म्हणजे मुदत जून २०२२ला संपली. राजीव रतुरी यांनी २००५ साली केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २०१७च्या डिसेंबरात आदेश दिले, आणि ८ नोव्हेंबर २०२४ला पुन्हा सांगावं लागलं की सुगमतेची मानकं नुसती शिफारस म्हणून ठेवता येणार नाहीत, ती बंधनकारक करा, तीन महिन्यांत. हे वाचून मला आपल्याकडचा एक जुना ठराव आठवतो. १९२३ साली सीताराम केशव बोले यांच्या ठरावानं मुंबई इलाख्यातले सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. महाड नगरपालिकेनं तसा ठरावही केला. तरी २० मार्च १९२७ला बाबासाहेबांना हजारो माणसांसह चवदार तळ्यावर चालत जावं लागलं, आणि मग त्या माणसांना मारही खावा लागला. जातीचं क्रौर्य आणि पायरीचा निष्काळजीपणा यांना मी एका तागडीत घालत नाही. मला कोणी विटाळ मानून अडवलेलं नाही, माझ्या मागे लाठ्या घेऊन कोणी आलेलं नाही. पण तळं कागदावर खुलं असण्यात आणि ओंजळीत पाणी येण्यात किती अंतर असतं, हे मराठी माणसाला दुसऱ्या कोणी शिकवायची गरज नसावी. आपण केवळ पाणी प्यायला आलेलो नाही, आपणही माणसं आहोत हे सिद्ध करायला आलो आहोत, या अर्थाचं बाबासाहेब त्या सत्याग्रहाबद्दल बोलले होते. त्यात कोणी किती तहानलेला आहे, असा प्रश्नच नव्हता.

नेमकं इथेच त्या मुलाचं आणि माझं फाटतं. त्याला मी तहानलेली दिसायला हवी आहे. "नुसते दिवस काढतेय" असं म्हटल्याशिवाय त्याला रॅम्प मागताच येत नाही. माझ्या ओळखीच्या प्रत्येक व्हीलचेअरवाल्याला ही कसरत येते: अर्ज करताना चेहरा पाडायचा, नोकरीच्या मुलाखतीत उजळायचा, परत सर्टिफिकेटच्या रांगेत पाडायचा. सोसायटीत मी हसले की काका म्हणतात हिला काही कमी नाही. रडले की मुलगा म्हणतो बघा, सांगत नव्हतो? मग मी करायचं काय, सभेला तोंड झाकून यायचं? शेजारच्या विंगमध्ये लिफ्ट बसवताना तिथले लोक दुःखी आहेत का हे कोणी तपासलं होतं? पाणी, वीज, जिना यांसाठी माणसाची मनःस्थिती विचारत नाहीत. माझ्या दारापुरतीच का विचारतात?

आणि वाट किती बघायची? व्यवस्था बदलेल तेव्हा जगायला सुरुवात कर, हे मला २६ व्या वर्षी सांगणं म्हणजे रतुरी खटल्याच्या वेगानं तरुण राहा म्हणणं आहे. मी जगतेच आहे. कांजूरला हिशेबाची नोकरी करते, पगारातला तिसरा हिस्सा टॅक्सीत घालते. टॅक्सीच्या डिकीत सीएनजीची टाकी असते, म्हणून घडी केलेली खुर्ची टपावर बांधावी लागते. बांधण्यावरून भांडता भांडता दोन टॅक्सीवाले माझे जवळचे मित्र झाले आहेत. एकाच्या बहिणीचं लग्न मी खाऊन आले. एकदा प्रेमात पडले होते. ते मोडलं, आणि मोडण्याचं कारण खुर्ची नव्हती, तो खोटं बोलायचा. आईला हे अजून पटत नाही. तिला वाटतं मी तिचं मन राखण्यासाठी असं सांगते. खुर्चीशी संबंध नसलेलं दुःख आमच्या वाट्याला येऊच शकत नाही, अशी सगळ्यांची समजूत असते. ते मला मिळालं याचा, खरं सांगते, थोडा अभिमानच वाटला होता.

ऑक्टोबर २०२५मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत सुरू झाली. विक्रोळीहून टॅक्सीनं बीकेसी गाठलं, लिफ्टनं खाली गेले, एकटी. फलाट आणि डबा एका पातळीत. पुढची चाकं न उचलता मी गाडीत शिरेन असं दहा वर्षांत पहिल्यांदा वाटत होतं. तपासणीपाशी एक तरुण सुरक्षारक्षक पुढे आला, मराठवाड्याकडचा असावा बोलण्यावरून.

"ताई, सोबत कोण आहे?"

"कोणी नाही."

"कुठं उतरणार? पुढच्या स्टेशनला कळवतो, माणूस उभा राहील मदतीला."

मी नकाशाकडे पाहिलं. दादर, सिद्धिविनायक, गिरगाव, काळबादेवी, हुतात्मा चौक, चर्चगेट. सगळीच नावं चांगली वाटत होती.

"अजून ठरलं नाही," मी म्हटलं.

त्याच्या हातातला वॉकी-टॉकी तसाच अर्ध्यावर राहिला. "पण ताई, काम कुठं आहे तुमचं?"

"काम नाहीये काही. असंच आले."

तो थोडा वेळ विचारात पडला, मग वॉकी-टॉकीत म्हणाला, "एक व्हीलचेअर पॅसेंजर आहे. कुठं उतरणार ते माहीत नाही. लक्ष ठेवा सगळीकडं."